उशाशी दिलेला चार्ज

"सात नंबर का टेन्शन नहीं है. उनके यहाँ लड़की है घर में."

वॉर्डाबाहेरच्या कूलरवर मी बाटली भरत होते. मागे टेबलाशी बसलेल्या सिस्टर दुसरीला सांगत होत्या. दुसरी म्हणाली, "फिर तो कल छुट्टी हो ही जाएगी." बाटली भरून पाणी हातावर वाहायला लागलं, तरी नळ बंद करायचं मला सुचलं नाही.

सात नंबरच्या पलंगावर माझे बाबा होते. घरातली लडकी मी.

दवाखान्यातून सुट्टी मिळणार म्हणून सगळे खूश होते. आईनं आत पिशव्या भरायला घेतल्या होत्या. मला मात्र बाबा घरी जायला नको होते. घरी गेले की पुन्हा तेच होणार, हे मला माहीत होतं. का होणार, तेही माहीत होतं. मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबांना पार्किन्सन्स आहे. सुरुवात हात थरथरण्यानं होते असं सगळ्यांना वाटतं. आमच्याकडे तसं झालं नाही. चालताना बाबांचा डावा हात हलेनासा झाला. उजवा पुढेमागे जायचा, डावा खिशात काही जपून ठेवल्यासारखा अंगाशी चिकटलेला. मग शर्टाची गुंडी लावायला वेळ लागू लागला. आम्ही वयावर ढकललं.

डॉक्टरांनी त्यांना कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, वळायला लावलं आणि समोर बसवून सांगितलं. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं, ते कमी पडलं की हालचाल मंदावते, अंग ताठरतं. लेव्होडोपाची गोळी ते भरून काढते. गोळी कमी पडली तर माणूस लाकडासारखा होतो. जास्त झाली तर अंग आपोआप वळवळतं, त्याला डिस्कायनेशिया म्हणतात. आणि जे समोर नाही ते दिसायला लागतं, त्याला हॅलुसिनेशन म्हणतात. तुमच्या घरी ही गोळी येत असेल तर हे दोन शब्द पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

डॉक्टर नागपूरला शिकलेले होते. मराठी समजायची, बोलायचे हिंदीत. ते म्हणाले, "यह बीमारी जान लेने नहीं आती, साथ रहने आती है. आगे चलकर लाँग टर्म केअर लगेगी." म्हणजे बरं करण्यासाठीची नव्हे, सांभाळण्यासाठीची देखभाल. तिला शेवटची तारीख नसते. बाबा आपल्या डाव्या हाताकडे पाहू लागले. डॉक्टरांना ते दिसलं असावं. म्हणाले, "बुढ़ापे में आधे से ज़्यादा घरों को लगती है, किसी को आज, किसी को कल. घर में कौन-कौन है?"

"मी हावो ना," आई लगेच म्हणाली.

आम्ही दुर्गजवळ जुनवानीला राहतो. बाबा रिटायर झाल्यावर सेक्टर सहाचं कारखान्याचं क्वार्टर सोडून इथं घर बांधलं. आमच्या गल्लीतली बहुतेक घरं अशीच आहेत. ही माणसं एकाच सुमारास भरती झाली, एकाच सुमारास रिटायर झाली. भंडारा, गोंदियाकडून आलेली, आयुष्यभर स्टील प्लांटच्या गेटवर सायकली लावलेली. मुलं पुण्याला, हैदराबादला, त्याहून लांब. आम्ही लहान असताना क्वार्टरांमध्ये सगळ्यांची दहावी एकदम यायची. आता सगळ्यांचं म्हातारपण एकदम आलं आहे. संध्याकाळी फिरायला निघणाऱ्यांत दर हिवाळ्यात एखादा कमी होतो आणि त्याच्या घराच्या खिडकीला पडदा ओढलेला दिसतो.

गल्लीत एक कमोडची खुर्ची आहे. कुणाची होती, कुणाला आठवत नाही. ज्याला लागेल त्याच्या घरी ती जाते आणि तिथलं काम संपलं की पुढच्या घरी. काम संपलं म्हणजे काय, ते कुणी बोलत नाही. मधे बरीच वर्षं ती समोरच्या पटले काकांकडे होती. काका गेले, तेराव्यानंतर काकूंनी ती धुऊन उन्हात ठेवली. आठवड्याभरानं स्वतःच आमच्या फाटकातून आत आणली. "असू द्या, गुड्डीची माय," त्या आईला म्हणाल्या; गुड्डी म्हणजे मी. "लागतेच."

बाबा आमच्या घरचे शिफ्ट इन्चार्ज. त्यांची नोकरी कोक ओव्हनला गेली, म्हणजे कोळसा भाजून कोक करतात त्या भट्ट्यांवर. तिथला नियम म्हणजे रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. जाणाऱ्यानं येणाऱ्याला तोंडी सगळं सांगायचं, त्याला चार्ज देणं म्हणतात. आजारी पडल्यावर बाबांनी तो नियम घरी आणला. मी सकाळी शाळेत शिकवायला जाते, दुपारी उशिरा परतते. मी नसताना चार्ज आईकडे, आल्यावर माझ्याकडे. बदल त्यांच्या उशाशीच व्हायचा. आई सांगायची, जेवण झालं, दुपारची गोळी झाली, लघवी झाली. मग बाबा पलंगावरून विचारायचे, "काई बाकी?" आई म्हणायची, "काई नाई." मी म्हणायचे, "घेतला." हा शब्द आला की आई सुटली.

एखाद्या दिवशी माझ्या 'घेतला'च्या आधीच आई स्वयंपाकघरात वळली की बाबा ओरडायचे, "अवो, भट्टी टाकून कुठं चालली?"

"भट्टीच बरी होती. भट्टी तुमच्यासारखी बोंबलत नव्हती," आई आतून म्हणायची.

मला हे आवडायचं, खरं सांगायचं तर. मी कमी बोलते. इंग्लिश मीडियममध्ये शिकले, बाहेर हिंदी, मराठी फक्त घरात आणि तीही मोजकी. काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असलं की मला हायसं वाटतं.

फक्त एक गोष्ट होती. साथीदारानं 'झालं' म्हटलं की झालं. पुन्हा तपासायचं नाही. "त्याच्या शबदावर शक केला ना गुड्डी, तर उद्या तो तुह्या मागं उभा नाई राहात," बाबा म्हणायचे. त्यांच्यासाठी ते कामापेक्षा मोठं होतं.

आईचं केव्हा सुरू झालं, मला नेमकं सांगता येणार नाही. बाबांचा हात सगळ्यांनी पाहिला. आईकडे कुणी पाहत नव्हतं, कारण ती सतत काम करत असायची. वरणात दोनदा मीठ. गॅसवर कोरडं पातेलं. एकदा ती सेक्टर सहाच्या बाजारात भाजी आणायला गेली आणि परतताना घरी आलीच नाही. आमच्या जुन्या क्वार्टरच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली, पिशवीत किल्ली शोधत. तिथं आता राहणाऱ्या बाईंनी तिला आत बसवलं, चहा दिला, ऑटो करून दिला. आईनंच ते हसत सांगितलं, "पाय आपोआपच वळले, बाई." आम्हीही हसलो. बाबा सगळ्यात मोठ्यानं हसले.

मी सकाळ, दुपार, रात्र अशा कप्प्यांची गोळ्यांची डबी आणली. आईनं ती उलटसुलट करून पाहिली. "मी का अनाडी हावो? इतके वरस घर चालवलं, आता डबी सांगन का मले?" दुसऱ्या दिवशी त्या कप्प्यांत सेफ्टी पिना, ब्लाउजचे हुक आणि रबर होते.

मग शाळा लवकर सुटलेला तो दिवस. मी सँडल न काढता दारातच थांबले, कारण आई बाबांना दुपारची गोळी देत होती आणि मधे बोललं की त्यांना ठसका लागतो. तिनं डोक्यामागे हात देऊन त्यांना उठवलं. "घ्या, तुमची दुपारची." पाणी पाजलं, पदरानं ओठ पुसले. मग ताट उचलून आत गेली, भांडी घासली, हात पुसत बाहेर आली. पाकीट उचललं. डोक्यामागे हात दिला. "घ्या, तुमची दुपारची."

बाबांनी घेतली. चार्जवरच्या माणसाला विचारायचं नसतं.

आईचा चेहरा दोन्ही वेळा सारखाच होता. तीच माया, तीच घाई. ती खोटं वागत असती तर मला सोपं गेलं असतं. तिच्यासाठी ती गोळी पहिलीच होती. थोड्या वेळानं तिनं चार्ज दिला. "दुपारची झाली." बाबांनी विचारलं, "काई बाकी?" "काई नाई." आणि मी म्हटलं, "घेतला."

मला वाटलं, माझी पाहण्यात चूक झाली असेल. असं वाटून घेणं सोयीचं असतं. कारण ते खरं असेल तर आमच्या घरात आजारी माणूस एक नव्हता. आणि दोन आजारी असतील तर मग उरतं कोण, हा हिशेब फार लवकर सुटतो.

त्यानंतर बाबांचे खांदे खुर्चीत बसल्या बसल्या वळवळू लागले, मान आपोआप फिरू लागली. मग एका संध्याकाळी ते कमोडच्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "पटले कावून बसला तिथं?"

खुर्ची रिकामी होती.

"जाईन तो, चहा झाला की," आई म्हणाली. तिनं चहा आणला, ट्रेमध्ये एक कप जास्तीचा होता. तो तिनं खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवला. बाबांची समजूत काढायला ठेवला, की पटले काका गेलेत हे तिलाही आठवत नव्हतं? मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. कळलं नाही. चहावर साय धरली.

पुढच्याच आठवड्यात बाबा पलंगावरून उठताना पडले. बीपी एकदम उतरला होता. कपाळ फुटलं. ते कुणालाच ओळखत नव्हते, 'पोरांना बसायला सांग, रिलीव्हर येऊन राहिला' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

इमर्जन्सीत सीटी स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव नाही. मग सोडियम तपासलं, म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातलं मीठ उतरलं की तो भ्रमतो. ते ठीक. लघवीत इन्फेक्शन नाही. छातीचा फोटो स्वच्छ. प्रत्येक रिपोर्ट घेऊन मी त्या लांब बाकांच्या हॉलमध्ये यायचे. तिथं एकेका म्हाताऱ्यासोबत एकेक बाई बसलेली असायची. बायको, सून, मुलगी. काही बायका पेशंटपेक्षा आजारी दिसत होत्या. नंबर पुकारला की त्या आधी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या, मग त्याला उठवायच्या.

रिपोर्ट चांगला आला की आई देवाचं नाव घ्यायची. मला प्रत्येक चांगल्या रिपोर्टची भीती वाटायची. एकेक कारण गळत होतं आणि मला माहीत असलेलं कारण तेवढं उरत होतं.

वॉर्डात गोळ्या सिस्टर द्यायच्या. घरचाच डोस, त्याच वेळा. बाबा सुधारले. आधी वळवळ थांबली, मग खोलीत कुणी दिसेनासं झालं. एका सकाळी त्यांनी मला नावानं हाक मारून विचारलं, "शाळा बुडवून राहिली का?"

डॉक्टर बुचकळ्यात पडले. "इसी डोस पर यहाँ ठीक हैं. घर में दवा टाइम पर जाती है?"

"टाइमवर देतो जी," आई म्हणाली. "इकडचं तिकडं होत नाई."

डॉक्टरांनी मान हलवली. आजार पुढे सरकतो आहे, असं त्यांनी ठरवलं. घरी पुन्हा भास झाले तर म्हणून एक शांत करणारी गोळी लिहिणार होते. "इससे नींद बढ़ेगी, जकड़न भी बढ़ सकती है. बिस्तर पर रहना थोड़ा ज़्यादा होगा. आप लोग सँभाल लेंगे."

म्हणजे आईच्या विसरण्यासाठी बाबा झोपून राहणार होते. आणि ती गोळीसुद्धा आईच देणार होती.

दुर्गहून आत्या आली होती, बाबांची धाकटी बहीण. रेल्वे कॉलनीत राहते, तिच्यासोबत डबे आणि आवाज दोन्ही येतात. ती पलंगाच्या पायथ्याशी बसली. "वैनी, तुह्यासारखी बायको हाये म्हणून भाऊ उभा हाये. अन् गुड्डी आहेच. हिच्यासाठी दुर्गातलाच पोरगा पाहू, म्हणजे हाकेवर राहीन." मग माझ्याकडे वळून, "काहो मॅडम, डॉक्टरशी तर फाडफाड विंग्रजी बोलते तू. आमच्यासाठी तोंडाले कुलूप का?"

बाबा हसले. आई हसली. मी पिशवीची चेन लावत राहिले.

पुण्याहून राहुलदादाचा फोन आला होता. आम्ही भावंडं हिंदीत बोलतो. तो म्हणाला, "तू है ना वहाँ, इसलिए मैं निश्चिंत हूँ." तो मनापासून म्हणाला. सगळेच मनापासून म्हणतात. सिस्टरही मनापासूनच म्हणाल्या होत्या.

आत्या म्हणाली ते इंग्रजीचं खरं होतं आणि तिच्यामुळेच मला मार्ग सुचला. घरी सोडायच्या दिवशी राउंडला डॉक्टर आले की इंग्रजीत सांगून टाकायचं. आईच्या समोरच, पण तिला न कळता. वाक्य मी रात्रीच जुळवून ठेवलं होतं, नेमकं आणि सभ्य. बाबांचा मान राहिला असता, आईचाही. आत्याला वाटलं असतं, पोरगी डोसबद्दल विचारते आहे.

डॉक्टर आले. सोबत त्याच सिस्टर. आई स्टुलावर ताठ बसली, केस नीट विंचरलेले, घरी जायची साडी नेसलेली. डॉक्टर नवी गोळी समजावू लागले, सकाळी अर्धी, झोपताना एक. आई प्रत्येक शब्दावर मान हलवत होती. तिच्या मान हलवण्यात मला आता फरक कळतो. समजल्यावर ती एकदाच हलवते. निसटायला लागलं की हलवतच राहते.

मी तोंड उघडलं आणि आईनं माझ्याकडे पाहिलं. पोरगी मोठ्या डॉक्टरशी इंग्रजीत बोलणार म्हणून तिचा चेहरा आधीच फुलला होता. ती तशीच कौतुकानं ऐकत बसली असती आणि मी तिच्या डोक्यावरून तिचाच आजार दुसऱ्याच्या हाती दिला असता. यापुढे तिच्याबद्दल बरंच काही तिच्या डोक्यावरून बोललं जाणार आहे. त्याची सुरुवात मी करायची का? जुळवलेलं वाक्य माझ्या तोंडून निघेना.

"और कुछ?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी फाइल मिटली.

बाबा उशीला टेकून बसले होते. कपाळावर पट्टी, पण डोळे स्वच्छ. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात प्लांट होता. ते आईला म्हणाले, "काई बाकी?"

"काई नाई," आई म्हणाली.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आत्याही पाहू लागली. डॉक्टर दाराकडे वळता वळता थांबले, कशासाठी थांबलो ते त्यांना कळलं नसावं. सगळे एका शब्दासाठी थांबले होते. तो म्हटला की आई सुटते, बाबा निश्चिंत होतात, सात नंबर रिकामा होतो. मी तो शेकडो वेळा म्हटला होता.

माझा हात आईच्या खांद्यावर होता. तो मी केव्हा ठेवला, मला माहीत नाही. मी मराठीतच बोलले, घरच्या मराठीत.

"नाई घेतला, बाबा. बाकी हाये. आई तुमाले गोळी देते अन् विसरते, मंग पुन्हा देते. मी पाह्यलं. आई, तुले रागावून नाई राहिली मी, तुलेही दाखवायचं हाये डॉक्टरले. अन् तुमच्या दोघांचा चार्ज मी एकटीनं नाई घेऊ शकत."